परातीतलं पाणी

चैत्र लागला की आमच्या परंड्यात सकाळी नऊलाच फरशीवर पाय ठरत नाही. परसातल्या शेवग्याखाली सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. दुपारी जवळ उभं राहिलं की आतली घुमघूम ऐकू येते. बाहेर पारा चाळिशीपार आणि पिलांचं पोळं 34-35 अंशांवर राखायचं! कामकरी माश्या पाणी आणतात, पोळ्यावर पसरवतात, पंखांनी वारा घालून ते उडवतात. म्हणून माझं पहिलं औषध म्हणजे पसरट परात, तीत खडे आणि खड्यांची डोकी उघडी राहतील इतकंच पाणी. खडे नसले की माश्या बुडतात.

पहिल्या वर्षी करडईचा फुलोरा सरला आणि मी मधाच्या साऱ्या चौकटी काढून घेतल्या. वैशाखात एका दुपारी पेटीच्या दाराशी वर्दळ दिसेना. झाकण काढलं, माश्या निघून गेलेल्या, रित्या पोळ्यांवर मेणकिड्याची जाळी. मेणकिड्यानं वसाहत खाल्ली, असं मी कितीतरी दिवस सांगत होतो. ते खरं नव्हतं. भरल्या वसाहतीत माश्या त्याच्या अळ्या ओढून बाहेर टाकतात. माझ्या पेटीत मेणकिड्याआधी भूक शिरली होती, आणि ती मी आणली होती.

आता पेटीच्या वरच्या कोठीतला निम्मा मध त्यांचाच. तरी कमी पडला, तर साखरेचा पाक तिन्हीसांजेला पेटीच्या आत ठेवतो. थेंब बाहेर सांडला की मुंग्या आणि दुसऱ्या पेटीच्या लुटारू माश्या आल्याच. मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत असतात.

थाई सॅकब्रूडची धास्ती मात्र कायम आहे. 1990च्या दशकात या विषाणूनं दक्षिणेत सातेरीच्या वसाहती उजाड केल्या. अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगून मरते आणि त्यावर औषध नाही. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची, म्हणजे रोगाला नव्या अळ्या मिळत नाहीत.

तूर फुलली की परंड्याच्या किल्ल्यापलीकडच्या रानांत जाऊन मी सांगून येतो, फुलोऱ्यात फवारणी टाळा. करावीच लागली, तर माश्या घरी परतल्यावर, सांजेला करा. सातेरी किलोमीटरभर तरी जाते. कुणी ऐकतं, कुणी नाही. मी दरवर्षी जातो.

आज सकाळी दाराशी दहा मिनिटं थांबलो. येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या होत्या. आत अळ्यांना भरवणं चालू आहे. झाकण काढलं नाही. परात भरली.