आधी कडी लावा

माझ्या धाकट्या भावाच्या पोटावर डाव्या बाजूला एक लाल, ओलसर तोंड आहे. आतडं बाहेर काढून कातडीला शिवलेलं. त्याला स्टोमा म्हणतात. जन्मला तेव्हा त्याला शौचाची जागाच नव्हती. साधारण 5,000 बाळांत एकाला असं होतं. आधी हा स्टोमा, मग नवी जागा तयार करणं, शेवटी स्टोमा बंद करणं, अशी तीन ऑपरेशनं. खरं तर शाळेच्या वयाआधीच हे सगळं उरकायला हवं. पण भालकी तालुक्यातल्या खेड्यातून कधी कलबुरगी, कधी सोलापूर, आणि मध्ये पैसे जमेपर्यंत थांबणं! दोन झाली, तिसरं राहिलंय. तोवर पोरगं तिसरीत आलं, पोटाला पिशवी लावूनच.

आई म्हणायची, "शाळेत कुणाला सांगू नको गं." पण स्टोमाला आवरून धरता येत नाही. वर्गात आवाज होतो, पोरं हसतात. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी लागते, नाहीतर वजनानं सुटते. उन्हाळ्यात घामानं तर चिकटतच नाही. ती भरू नये म्हणून हा दुपारचं बिसिऊट जेवायचाच नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग मी बाईंना भेटले. त्या घाबरल्या, "जखम आहे ना? दुखत असेल!" म्हटलं, बाई, जखम नाही, आतडंच आहे, हात लागला तरी तिथं दुखत नाही. फक्त त्याला बोट वर न करता बाहेर जाऊ द्या, एक जादा पिशवी आणि चड्डी कपाटात ठेवा, आणि संडासाला कडी लावा, आत बादलीभर पाणी ठेवा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कडी यायला मात्र तीन आठवडे लागले.

2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात स्टोमा नाही. म्हणजे नुसत्या स्टोमावर अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, पण आमच्या गावापासून मुंबई किती लांब!

आवाज आला की पिशवीवर हलकेच तळहात दाबायचा, हे त्याला आता जमतं. कबड्डीला नाही म्हणतो, खो-खोत मात्र पळतो. परवा बिसिऊटचा भात दोनदा मागून घेतला म्हणे. तिसरं ऑपरेशन दिवाळीनंतर.