एका रात्रीचा दरवाजा

हैदराबादच्या पश्चिमेस सुमारे 11 किलोमीटरवर असलेल्या गोवळकोंडा किल्ल्याची ओळख बहुतेक प्रवाशांना एका टाळीतून होते. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली ठरावीक जागी टाळी वाजवली, की तिचा नाद बराच दूर, टेकडीच्या माथ्यावरील बालाहिसारात, म्हणजे किल्ल्याच्या सर्वांत उंच भागातील राजगढीत, स्पष्ट ऐकू येतो. ही योजना पहाऱ्यासाठी होती असे सांगितले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. मात्र दिवसभर चाललेल्या टाळ्यांच्या गजरात किल्ल्याविषयीचे बाकी सारे बुडून जाते, ही खेदाची गोष्ट आहे. काकतीयांच्या काळातील गढी बहमनींकडे गेली, बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर तेलंगणाचा सुभेदार सुलतान कुली याने 1518 च्या सुमारास येथे कुतुबशाही उभी केली, आणि कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतले हिरे येथे विक्रीस येऊ लागल्यामुळे गोवळकोंडा हे नाव युरोपातही दुमदुमले.

प्रस्तुत लेखकाच्या मनात या किल्ल्याची एकच आठवण घट्ट रुतून बसली आहे: खाली सहलीतल्या मुलांनी वाजवलेली टाळी, आणि वर बारादरीत, म्हणजे चहूबाजूंनी कमानी असलेल्या मोकळ्या दालनात, हात उंचावून ती पोहोचल्याची खूण करणारे वडील. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील शाळांचे माध्यम उर्दू असल्यामुळे त्या पिढीला किल्ल्यातील फारसी लिपी परकी नव्हती, आणि वडील दगडावरील अक्षरे लावून वाचत तेव्हा मुलांना तो टाळीपेक्षाही मोठा चमत्कार वाटे. त्याच वडिलांना आता दारावरची घंटाही ऐकू येत नाही. गेल्या पावसाळ्यातील तापात कान गेले, असे घरात सर्वजण सांगतात, आणि हे सांगणे ऐकताना दर वेळी गोवळकोंड्याचा शेवट आठवतो.

तो शेवटही एका रात्रीच्या नावे लिहिला गेला आहे. औरंगजेबाने 1687 च्या आरंभी किल्ल्यास वेढा घातला, तो जवळजवळ आठ महिने चालला, आणि सप्टेंबरमध्ये अब्दुल्ला खान पनी या सरदाराने रात्री खिडकी दरवाजा, म्हणजे तटातील लहान वाट, आतून उघडून दिला. अब्दुल रज्जाक लारी हा कुतुबशाही सरदार अंगावर असंख्य जखमा होईपर्यंत लढला, पण राज्य बुडाले. शत्रूची चाहूल बाहेरून येणार असे गृहीत धरून बांधलेल्या या वास्तूला आतल्या हालचालीचा सुगावा लागला नाही, अशी मांडणी करणे सोपे आहे आणि ती वारंवार केली जाते. परंतु तिने जे झाकले जाते ते अधिक महत्त्वाचे आहे. 1636 मध्ये अब्दुल्ला कुतुबशाहाने मोगलांचे वर्चस्व लेखी मान्य करून खंडणी कबूल केली होती. 1656 च्या सुमारास मीर जुमला हा राज्याचा सर्वांत प्रबळ वजीर मोगलांकडे निघून गेला. 1685 मध्ये तटबंदी नसलेले हैदराबाद शहर लुटले गेले. पुढच्याच वर्षी कारभाराची मदार ज्यांच्यावर होती ते मादण्णा आणि आक्कण्णा हे बंधू भर रस्त्यात मारले गेले. उलट प्रत्यक्ष वेढ्यात किल्ला बळकटच ठरला: अतिवृष्टी आणि दुष्काळाने मोगली छावणीचे हाल झाले, तटाखाली पेरलेले सुरुंग उलटून मोगलांचेच सैनिक मेले. पन्नास वर्षे चाललेल्या या झिजेला पनीच्या नावाआड लपवणे हा इतिहासाचा आळस आहे, आणि घरातील तापाची कथाही त्याच जातीची आहे. दूरचित्रवाणीचा आवाज कित्येक वर्षे थोडाथोडा वाढत होता, बोलताना वडील समोरच्याच्या ओठांकडे पाहू लागले होते, आणि हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडत होते.

मराठी वाचकास हा आळस अपरिचित नाही. 1689 च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी संभाजीराजांना पकडणारा मुकर्रबखान हा मूळचा गोवळकोंड्याचा सरदार शेख निजाम होता, आणि वेढ्याच्या काळात तो मोगलांच्या चाकरीत गेला होता. संगमेश्वरची कथा सांगताना फितुरांची नावे हिरिरीने चर्चिली जातात. पण विजापूर 1686 मध्ये आणि गोवळकोंडा 1687 मध्ये पडल्यामुळे दोन्ही दरबारांचे सरदार, पैसा आणि औरंगजेबाचे सारे लक्ष मराठ्यांकडे वळले, ही बाब एका वाक्यात उरकली जाते. 1677 मध्ये शिवाजीमहाराजांनी कर्नाटक मोहिमेपूर्वी हैदराबादेत अबुल हसन कुतुबशाहाशी करार केला, त्यामागे दक्षिणेतील सत्तांनी एकमेकींना सावरून धरण्याचे जे शहाणपण होते, ते दहा वर्षांत उधळले गेले.

अबुल हसन, ज्याला लोक तानाशाह म्हणून ओळखतात, तो पुढे मराठवाड्यात आला, आणि हा धागा हैदराबादच्या सहलीत कुठेच जोडला जात नाही. दौलताबादच्या चिनी महालात, म्हणजे निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांमुळे हे नाव पडलेल्या वास्तूत, त्याने आयुष्याची अखेरची दहाहून अधिक वर्षे कैदेत काढली. गोवळकोंड्याजवळील भव्य कुतुबशाही मकबऱ्यांत त्याची कबर नाही. ती खुलताबादेत आहे, त्याला जिंकणाऱ्या औरंगजेबाचे दफन ज्या गावी झाले त्याच गावी. दौलताबादेस जाणारे बहुतेक लोक अंधारी भुयारी वाट पाहण्याच्या घाईत चिनी महालासमोरून न थांबता पुढे निघून जातात. मराठवाड्यातील ज्या शाळा मुलांना टाळी ऐकवण्यासाठी हैदराबादेस नेतात, त्यांना गोवळकोंड्याच्या राजाचा हा शेवटचा मुक्काम घराजवळ दाखवता येईल. तेथील उरलेल्या फरशा अजून पाहण्याजोग्या आहेत.