रक्तवाहिनीचें अस्तर

केशवाहिनी हें नांव आम्हांस उदारच वाटतें. ती केसाच्या जेमतेम दशांशाएवढी जाड असते. १६६१ सालीं मालपीघी यांनीं बेडकाच्या फुप्फुसांत ती प्रथम पाहिली. तिची भिंत म्हणजे चपट्या पेशींचा एकच थर; मोठ्या रक्तवाहिन्यांसहि आंतून त्याचेंच अस्तर. १९८० सालीं अमेरिकेंत फर्चगॉट यांनीं सशाच्या महाधमनीचें अस्तर खरडून काढलें, तों तिला सैल करणारें द्रव्य निष्फळ ठरलें! अस्तरांतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड वायु वाहिनीस सैल करतो, हें पुढें उमगलें. १९९८ सालीं त्यांस इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें.

मधुमेहांत रक्तांतील साखर हेंच अस्तर बिघडविते. डोळ्यांतील वाहिन्या पाझरतात, बुजतात. आणि वेदना मुळींच नाहीं. आमचे केनवडचे वडील बंधु रक्त नेमानें तपासवितात, पण डोळे दाखवा म्हटलें कीं, “पोथी वाचतां येते, मग कशाला?” असें विचारतात. अहो, वाचतां येते तोंवरच जावयाचें! थेंब घालून बाहुली मोठी केली कीं नेत्रवैद्यास आंतील वाहिन्या चिरफाडीवांचून दिसतात. बिघाड वेळीं कळला तर लेसरनें बहुधा थोपवितां येतो. वहिनींनीं वाशीमास जाण्यासाठीं मोटार ठरविली आहे. बंधूंचा होकार अद्याप यावयाचा आहे.