पॉम्पेईच्या भिंतीवर फासलेला चुना

भाचीच्या पदवीदानाला नेपल्सला गेलो, तिथून पॉम्पेई. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं शहर. पण मंडळी, मी अडकलो तो भिंतींवरच्या निवडणूक प्रचारात! वातिया नावाच्या उमेदवाराला तर चक्क भुरट्या चोरांचा पाठिंबा. विरोधकांचीच करामत असणार. बायकांना मत नव्हतं, तरी पाठिंबा देणाऱ्यांत त्यांची नावं होती. खानावळीतल्या झ्मिरिनाच्या नावावर मात्र चुना फासलेला. बहुधा उमेदवारालाच लाज वाटली.

तिथं मला आपल्याकडच्या एक सरपंचबाई आठवल्या. कारभार नवरा करतो, हे त्या स्वतःच्या नावानिशी बोलल्या होत्या. ऑफिसने बातमी छापली, पण बाईंचं नाव गाळून. मीही गप्प बसलो. परत आल्यापासून त्यांचे दोन फोन आलेत. उचललेले नाहीत अजून.