ऐनाचं झाड आणि करवतकाठी

टसरचा किडा घरात वाढत नाही. तुतीच्या रेशमाला तुतीचा मळा लागतो, त्याला पाणी लागतं, किड्यांसाठी वेगळी खोली बांधावी लागते. टसरला उभं जंगल लागतं. ऐन आणि अर्जुन ही त्याची झाडं, आणि ती जिथे शाबूत आहेत तिथेच हा धंदा टिकला आहे. विदर्भात म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत. टसर नेसलेल्या बायका मी लहानपणापासून पाहत आले. पण साडीचा आणि झाडाचा हा संबंध आरमोरीकडच्या जंगलात गेले तेव्हा खऱ्या अर्थाने समजला.

पावसाळ्याचे दिवस होते. ढिवर समाजातले एक वयस्क काका आपली झाडं दाखवत होते. पानापानावर बोटाएवढे जाड, हिरवेगार किडे, अंगावर बाजूने चांदीसारखे चमकते ठिपके. पानाचा आणि किड्याचा रंग इतका एक, की काका बोट दाखवत तेव्हाच तो दिसे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोसा विणेपर्यंत महिन्याहून जास्त काळ जातो, आणि तेवढे सगळे दिवस राखण. काका झाडांजवळच झोपडी करून राहतात. ‘‘मुंग्या, गांधीलमाशा, पाखरं, सारेच खातेत याले. आमचा डोळा लागला का झालंच,’’ ते म्हणाले. एका झाडाचा पाला संपत आला की किडे बसलेली फांदी हलकेच छाटायची आणि पाला असलेल्या झाडावर नेऊन ठेवायची. काकांनी ते करून दाखवलं तेव्हा एकही किडा खाली पडला नाही.

या झाडांवर कोणी कुऱ्हाड चालवत नाही का, मी विचारलं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला असावा. ‘‘येन तोडला तर किडा खाईन काय, न मी खाईन काय?’’

शहरात महागड्या कपड्यांना अडकवलेल्या चिठ्ठीवर निसर्गाविषयी चांगलं चांगलं छापलेलं असतं. त्यावर झाडाचं नाव मात्र नसतं, राखण करणाऱ्याला काय मिळालं तेही नसतं. मला आता या दोन गोष्टी कळल्याशिवाय भारी कापडावर पैसे घालवावेसे वाटत नाहीत. ऐनाच्या लाकडाला गिऱ्हाईक कायम आहे. त्या झाडावर कोसा होतो आणि कोशाचे पैसे येतात, म्हणून राखणारा माणूस त्याच्या बाजूने उभा राहतो. साडीची किंमत पाडून मागणं म्हणजे त्या माणसाला तिथून उठवणं, असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्यात मरण आहे, आणि ते झाकून टसरविषयी बोलणं मला पटत नाही. कोसा उन्हात किंवा वाफेत ठेवून आतला जीव मारतात, मग सोड्याच्या पाण्यात उकळून कोसा मऊ करतात आणि सूत काढतात. पतंग बाहेर पडू दिला तर कोशाला भोक पडतं, सलग धागा निघत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या कोशांचं तेवढं वेगळं. त्यांच्या माळा करून टांगून ठेवतात. अंधार पडायच्या सुमारास त्यातून पतंग निघताना मी पाहिले आहेत. आधी ओले, चुरगळलेले. मग पंख उलगडतात, चांगले तळहाताएवढे, आणि प्रत्येक पंखावर काचेसारखा पारदर्शक डोळा. त्यांना खाता येत नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि थोड्या दिवसांत मरायचं. मागे उरलेल्या भोकाच्या कोशातून हाताने ओढून जे जाडंभरडं सूत काढतात ते घिचा.

घिच्याचं कापड मला फार आवडतं. त्यात गाठी असतात, चमक कमी असते, अंगावर ते उबदार बसतं. म्हणून मी घिच्याकडे वळले, तरी बाकीच्या टसरकडे पाठ फिरवलेली नाही. भोकाचे कोसे बियाण्यापुरतेच निघतात, तेवढ्यावर जंगल राखणाऱ्याचं घर चालत नाही. साधी टसर साडी घेताना आतल्या जिवाचा विचार मनात असतोच, तो जावा असंही मला वाटत नाही. मी साड्या मोजक्या घेते आणि विरेपर्यंत नेसते.

टसरची करवतकाठी साडी विणताना मी पाहिली ती भंडारा जिल्ह्यात, मोहाडीजवळच्या आंधळगावला. कोष्ट्यांचं गाव. अंग टसरचं, काठ सुती, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीचे दात. त्या दातांसाठी तीन धोटे चालतात, एकेक दोन्ही काठांना आणि एक मधल्या अंगाला. प्रत्येक ओळीला काठाचं सूत आणि अंगाचं सूत एकमेकांत अडकवावं लागतं, म्हणून मागावर दोघं बसतात. मी गेले त्या घरी नवरा-बायको मागावर बसले होते. बोलणं जवळजवळ नाही, धोटा हातातून हातात जात होता. कांड्या भरायला सासूबाई. यंत्रमागावर करवतीसारखी दिसणारी नक्षी निघते, तिला उलटीकडे सुटे धागे लोंबतात. इथे काठ उलटा करून पाहिला तरी दात तसेच स्वच्छ.

‘‘ताई, घाई असन तर दुसरीकडून घ्या,’’ वहिनी म्हणाल्या. घाई नव्हती. भाचीच्या लग्नासाठी साडी हवी होती आणि लग्नाला अवकाश होता. पदर घिच्याचा करता येईल का, विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घिचा जाड, त्याने पदर जड होईल आणि अंगाशी नीट जमणार नाही, असं दादा म्हणाले. वहिनींचं मत, टोकाला वीतभर चालेल. दोघांत थोडी वादावादी झाली, सासूबाईंनी वहिनींची बाजू घेतली. त्यांनी सांगितलेल्या दरात मी काही कमी-जास्त केलं नाही. अर्धे पैसे आधी दिले, कारण सूत रोखीने आणावं लागतं. साडी दिवाळीनंतर मिळेल.