पिकले पान

मराठीतले ‘पिकणे’ हे क्रियापद मोठे ऐसपैस आहे. आंबा पिकतो, शेत पिकते, केस पिकतात आणि पानही पिकते. आंबा पिकला की आपण हरखतो. पालकाचे पान पिकले की नाक मुरडतो. शब्द मात्र दोघांना एकच. ही निव्वळ काटकसर नव्हे, हे मला आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी चहा पिता पिता पटवून दिले.

खुडलेले पान मेलेले नसते. मुळाचे पाणी तुटते, पण श्वास चालूच राहतो. साठवलेली साखर जाळून ते दिवस काढते. मिळकत बंद आणि खर्च चालू! उष्मा १० अंशांनी वाढला तर हा खर्च दुपटी-तिपटीवर जातो. मग हिरवा रंग मोडीत निघतो. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. या द्रव्याची घडण उलगडणाऱ्या रिचर्ड विलश्टेटर यांना १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो अणू निखळला, पुढे रेणूही तुटला, की हिरवेपणा सरतो. पिवळा रंग मात्र बाहेरून येत नाही. तो पहिल्यापासून हिरव्याच्या आड बसलेला असतो. केळ्याच्या सालीतही हेच घडते. दोन्हीकडे घाई करणारा वायूही एकच, एथिलीन. म्हणून तर पिकल्या केळ्यांशेजारी ठेवलेली मेथी लवकर पिवळी पडते.

झाडावरचे पान पिवळे पडते ते आवराआवर करत. आपल्यातले नत्र ते कोवळ्या पालवीकडे धाडते आणि मगच गळते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने किल्ल्या सुनेच्या हाती द्याव्यात, तसे. पाटीतले पानही तीच आवराआवर करते. पण देणार कोणाला? देठ तर कापलेला!

पनवेलच्या बाजारात डोंगराकडच्या वाड्यांतून बायका भाजी घेऊन येतात. मुंबईला जाणारी घाटावरची भाजी रात्रीच्या गारव्यात ट्रकमधून आमच्या गावावरून निघून जाते. या बायका मात्र भर उन्हात बसतात. जुड्यांवर पुन्हापुन्हा पाणी शिंपडतात, ओले फडके टाकतात. गिऱ्हाईक त्याला लबाडी समजते. खरे म्हणजे पाणी उडताना पानाला गारवा मिळतो, त्याचा श्वास मंदावतो. गरिबाचे शीतगृह ते एवढेच.

परवा एका गृहस्थांनी माठाच्या जुडीतले पिवळे पान वर धरले. “बाई, ही कालची दिसते.”

“कालचीच हाय, दादा. पहाटेची गाडी गाठायची, तर अंधारात कशी खुडणार?”

दादांनी निम्म्या भावात जुडी घेतली. रंगही उतरतो आणि भावही उतरतो. मराठीला इथेही एकच क्रियापद पुरते. बाईने ते पान खुडून बाजूला टाकले. बाकीची जुडी हिरवीगार होती.