लसूण आणि लोहचुंबक

लोहचुंबकास लसूण चोळला असतां त्याची आकर्षणशक्ति नाहींशी होते, अशी समजूत युरोपांतील विद्वानांत कित्येक शतकें प्रचलित होती. एका ग्रंथकारानें लिहावें व दुसऱ्यानें उतरून घ्यावें, असें चाललें होतें. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें १६०० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ती खोटी ठरविली. विद्यार्थिमित्रहो, लसूण तुमच्या स्वयंपाकघरांत आहेच. लहानसा चुंबक बाजारांत मिळतो. पाकळी चोळा आणि मग टांचणी जवळ नेऊन पाहा.

हें सुचविण्यास कारण आहे. कंगवा कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेण्याचा प्रयोग मी दरवर्षीं श्रावणांत मुलांस घरीं करावयास सांगतों. दमट हवेंत कंगव्यावरील विद्युत् टिकत नाहीं. कपटे बहुधा जागचे हालत नाहींत. तरीहि बहुतेक वह्यांत 'कपटे उडून चिकटले' असें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें असतें! एके वर्षीं एका विद्यार्थिनीनें मात्र लिहिलें, "कपटे हालले नाहींत. पुस्तक चुकलें कीं मी चुकलें, हें कळत नाहीं." तिला मीं पूर्ण गुण दिले व तोच प्रयोग पौषांत पुन्हा करावयास सांगितलें. कोरड्या थंडींत कपटे नाचूं लागले, तेव्हां ओलाव्याचें कारण तिचें तिनेंच शोधून काढलें.

आणखी एक प्रयोग सांगतों. शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच टोकानें, एकाच दिशेनें तीसचाळीस वेळां घासावी. बुचाच्या पातळ चकतीवर ठेवून ती पितळी ताटांतील पाण्यावर सोडावी. ती दक्षिणोत्तर स्थिर होईल. आतां सुईच्या अगदीं वर, तिला समांतर अशी तांब्याची तार धरून तिचीं टोकें विजेरीच्या एका सेलास क्षणभर टेकवावीं. सुई बाजूस वळेल. १८२० सालीं कोपनहेगन येथें ओर्स्टेड यानें हेंच पाहिलें, आणि विद्युत् व चुंबकत्व यांचें नातें जगापुढें आलें. तार लवकर तापते, म्हणून ती टेकवून ठेवूं नये. घरांतील विजेच्या जोडणीस तर कधींच हात लावूं नये.

लसणाची कथा इतकीं शतकें टिकली, कारण 'असें होतें' म्हणून लिहिणारे पुष्कळ होते. 'मीं करून पाहिलें' असें लिहिणारे थोडे. तुमची सुई न हालली, तर 'हालली नाहीं' असेंच लिहा. अशा वहीस गुण देतांना मला अधिक आनंद होईल.